नऊ दिवस

मिसेस ऑलिव्हियेर खुर्चीत बसण्याआधी
तिच्या पाठीवर तळहात दाबून बघतात.
मग टेकतात, तेही अर्ध्याच.
हाय विकममधल्या आमच्या वकिली ऑफिसात
टायपिंग माझं, चहा माझा,
आणि तारखांचा तक्ताही माझाच.

मार्लो हिलचा चढ, सकाळचे पावणेसहा.
हॉस्पिटलातली सफाई उरकून त्या घरी निघालेल्या.
सीटची पाठ एकदम मागे गेली,
कुणी मागून मिठी मारून ओढावं तशी.
हात स्टिअरिंगवरून सुटले.
टपाचं कापड दिसलं, त्यावरचा एक जुना डाग,
मग भिंत ऐकू आली.
दोन मणके. डाव्या पायात अजून मुंग्या.

पिशवीतून त्यांनी ब्रेडच्या कागदात गुंडाळलेला
लोखंडी तुकडा काढला.
करंगळीएवढा. तुटला तिथे करडा,
खव्यासारखा रवाळ.
"एझेकायल असता तर बघताक्षणी म्हणाला असता, हे कच्चं.
बेचाळीस वर्षं खुर्च्या केल्या त्याने, ह्याच गावात.
एकही परत आली नाही."

तक्ता केला.
अपघात वीस मार्च, दोन हजार एकोणीस.
आमचा जिना चढल्या सात मेला.
जखमेपासून तीन वर्षं. भरपूर.
मी हिरव्या शाईने खूण केली.

मग दुसरी ओळ.
वस्तू बनवणाऱ्याच्या हातून सुटली
त्या दिवसापासून दहा वर्षं.
सीटच्या पोटाखाली एक लेबल होतं,
सटवाईने सहाव्या रात्री लिहून ठेवावं तसं,
जिचं कपाळ तिलाच न दिसणारं.
अकरा मार्च, दोन हजार नऊ.
बोटांवर मोजलं. मग कॅल्क्युलेटरवर.
मग पुन्हा बोटांवर.

हक्क मेला अकराला.
जखम जन्मली विसाला.
पडायच्या आधी नऊ दिवस
त्यांनी दावा लावायला हवा होता,
धडधाकट पाठीने जिना चढून येऊन,
मी मोडणार आहे, लिहून घ्या, असं सांगत.

गाडी आधी एका दंतवैद्याची,
मग त्याच्या भाचीची,
मग ह्यांची, आठवड्याच्या हप्त्यावर.
दहातली सात वर्षं आधीच्यांनी
मऊ बसून वापरून टाकलेली.

माझे मामा इस्लामपूरच्या कोर्टाबाहेर अर्ज लिहायचे.
तिथे मुदत ही मागायची वस्तू.
मागितली की मिळायची, मिळाली की पुन्हा मागायची,
खटला नातवाच्या मिशा फुटेपर्यंत चालायचा.
काळ सोकावतो म्हणायचे मामा.
इथला काळ सोकावलेला नाही, शिस्तीचा आहे.
पाचाच्या ठोक्याला शटर ओढतो.

मिस ट्रेडगोल्डनी समजावलं,
निष्काळजीपणाचा दावा वेगळा, तो अजून लावता येईल.
पण मग कोण चुकलं, कुठल्या पाळीत, कुठल्या भट्टीवर,
ते आपण सिद्ध करायचं.
कारखाना आता दुसऱ्या नावाचा.
जुने कागद म्हणे तळघरात भिजले.

"म्हणजे नऊ दिवस आधी मोडली असती
तर बरं झालं असतं?"
कुणी बोललं नाही.
(तरीही नाही, मिसेस ऑलिव्हियेर.
दावा त्याच दिवशी लावावा लागला असता,
स्ट्रेचरवरून.)

तुकडा त्यांनी परत गुंडाळला.
जाताना खुर्ची टेबलाखाली नीट सरकवून गेल्या.
फाइलवर मी नेहमीचा शिक्का मारला,
नष्ट करण्याची तारीख : सहा वर्षांनंतर.

संध्याकाळी कार पार्कमध्ये
गुडघ्यावर बसून माझ्या सीटखाली हात घातला.
धूळ, एक पेन्स, कसलंसं वंगण.
मग लेबल लागलं.
मोबाइलच्या उजेडात महिना वाचता आला.
वर्षाच्या जागी कागद सोललेला.


मी उठले, पाठीवर तळहात दाबून बघितला,
आणि घरी जायचं होतंच, म्हणून बसले.