हातून

सोहारच्या कोर्टात एसी इतका गार
की ऑगस्टातही मी शाल नेते.
तीन नंबरची खोली. बाकावर परशराम घडशी,
मूळ तालुका संगमेश्वर, पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर.
शपथ मी घेऊन बसलेय :
पदरचं घालणार नाही, ऐकलेलं गाळणार नाही.

आरोपपत्र अरबी. मराठीत आणताना
माझ्या तोंडी वडिलांची भाषा येते,
चिपळूणला हवालदार होते ते :
आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात चालवून
एका इसमाच्या मरणास कारणीभूत झाला.
"भरधाव नव्हतो," परशराम म्हणतो.
"टँकर भरलेला होता, बाई. भरलेला टँकर काय धावणार."

मग न्यायाधीश फोनचं काढतात.
पाच बेचाळीसला एक निरोप गेलाय, एका शब्दाचा.
काय शब्द?

निळी.

मोरीच्या फरशीचे दोन फोटो आले होते घरून,
कोणती घेऊ, असं तिनं विचारलं होतं.
मी अरबीत निळी म्हणते.
कारकून मान वर करतो. पुन्हा सांगा.
पुन्हा सांगते.

खलफान बिन रशीद, वय एकाहत्तर,
शेळ्यांसाठी लसूणघासाचा भारा घेऊन
पलीकडे चालला होता.
पंचनाम्यातल्या फोटोत रस्त्यावर घासच घास, हिरवागार.

तुझं म्हणणं काय?
परशराम उभा राहतो. हात पुढे धरतो, पालथे,
अजून चाकावर असल्यासारखे.
"माझ्या हातून झालं."

इथं मी अडले.
कप फुटतो हातून. मीठ जास्त पडतं हातून.
आमच्याकडे पापसुद्धा घडतं, करत कुणी नाही.
अरबीत क्रियापदाला कर्ता चिकटलेला,
सालीसारखा सोलून निघत नाही.
"मी मारलं" म्हणावं, तर पदरचं.
"अपघात झाला" म्हणावं, तर गाळलेलं.
न्यायाधीश पेन आडवं ठेवून वाट बघतात.
मी म्हणते, तो म्हणतो, हात माझे होते.

खलफानचा थोरला उठतो. पांढरा दिशदाशा, बाहीला काथ्याचा डाग.
रक्ताची भरपाई आम्ही सोडली, म्हणतो, बापही सोडता.
खोलीत कुणीतरी श्वास सोडतं. बहुतेक मीच.
पण तो हक्क त्यांचा होता, त्यांनी सोडला,
सरकारचा हक्क उरतोच :
एक वर्ष. परवाना रद्द. मग देशाबाहेर, परत येणे नाही.
मी शब्द मोजून देते, दुकानदार सुटे पैसे देतो तसे.

परशराम थोडा वाकतो माझ्याकडे.
"निळीचं तेवढं तिला कळू देऊ नका, बाई."

काय म्हणाला तो? न्यायाधीश विचारतात.
शाल सावरते.
सांगते.
कारकून लिहून घेतो.