पाणी पकडत नाही

इंदिरानगर, मागच्या गल्लीतली चार मजली इमारत,
सकाळचे पावणेसात.
ढिकले काका, सोसायटीचे सेक्रेटरी,
लख्ख उजेडात टॉर्च पेटवून उभे.
"मोटर जळलीये," ते म्हणाले.
"छे हो, बेअरिंग," कर्डक बाई जिन्यातून.
आणि बेंडकुळे वॉचमन, रोज बटण दाबणारा,
ज्याला कुणीच विचारलं नव्हतं,
तो पायरीकडे बघत म्हणाला,
"परवापासून आवाज पोकळ येतोय, ताई."
मी त्याच्याकडे बघूनच पिशवी उघडली.

आधी वास.
जळलेल्या वार्निशचा वास एकदा नाकात बसला
की जेवणातसुद्धा ओळखू येतो. तो नव्हता.
बटण बंद. मागची जाळी काढली, पंखा बोटाने फिरवला,
गुमान फिरला.
कपॅसिटर फुगलेला नाही.
मग कर्डक बाईंकडे स्टीलचा पेला मागितला,
अर्धा पाण्याने भरून
चालू मोटरीच्या पाठीवर ठेवला.

लोक हसले. हसू देत.

सातपूरच्या दुकानात तीस वर्षं
मोटरी चालवून बघता बघता
अण्णांचे दोन्ही कान गेले.
आधी पाखरं गेली, मग आईची हाक,
मोटरी सगळ्यात शेवटी.
गिऱ्हाईकं हळूच पलीकडच्या गाळ्यात वळायला लागली
तेव्हा त्यांनी पेला ठेवायला सुरुवात केली.
बेअरिंग गेलं असेल तर पाण्यावर काटा येतो,
कडेवरून थेंब उडतात.
धड असेल तर वर्तुळं. बारीक, एकात एक,
कुणी मनातल्या मनात
हिशोब करत बसल्यासारखी.

वर्तुळं धड होती.
मोटर आपली मजेत,
पंपाचं पोट मात्र रिकामं. हात लावला तर चटका.

बंद करून, निववून, वरचा बोल्ट काढला
आणि पाणी ओतलं. एक तांब्या. दोन. पाच.
भरेचना.
"गळतंय कुठंतरी," काकांनी टॉर्च फरशीवर फिरवला.
फरशी कोरडी.
गळायला दर वेळी बाहेरच यावं लागतं असं नाही, काका.

टाकीचं झाकण सरकवलं.
वर चिंचेचं झाड, कुणी न लावलेलं, कुणी न तोडलेलं.
युनियन सैल केली, मी आणि बेंडकुळेने मिळून
विहिरीतून मांजर काढावं तसा
हळूहळू पाइप वर ओढला.
खाली फूटवॉल्व्ह. त्याची जाळी गंजून फाटलेली,
आणि झडपेच्या फटीत, दाराला पाचर लावावी तसा,
एक चिंचोका.

एवढाच.
झडप मिटत नव्हती,
म्हणून रात्रभर पाइपातलं पाणी
गुपचूप परत टाकीत उतरायचं,
आणि सकाळी मोटर नुसती हवा दळायची.

काढला. झडप घासली. सांध्याला नवा धागा गुंडाळला.
ह्या वेळी तिसऱ्याच तांब्याला पाणी
बोल्टच्या तोंडाशी येऊन थांबलं.
थांबलेलं पाणी बघून मला अजून बरं वाटतं,
बारा वर्षं झाली ह्या कामाला तरी.
बटण.
भिंतीतल्या पाइपातून काहीतरी जड
एकेक मजला चढत गेलं,
आणि गच्चीवरून कुणाचं तरी पोर ओरडलं, "आलं!"
बेंडकुळेने मान कलती केली.
"आता भरीव," तो म्हणाला.

कर्डक बाईंनी त्याच पेल्यात चहा दिला.
अर्धा मी बशीत ओतून त्याच्याकडे सरकवला.

दुकानात आले तेव्हा अण्णा तारेचे वेढे मोजत होते,
ओठ हलत होते.
दोनशे दहाला थांबले.
मी चिंचोका त्यांच्या तळहातावर ठेवला,
हातांनी झडप करून दाखवली, उघडी, मिटेना, उघडी.
वाटलं, म्हणतील काहीतरी.
त्यांनी तो अंगठ्याने दोनदा उलटापालटा केला
आणि अख्ख्या सातपूरला ऐकू जाईल एवढ्या आवाजात
विचारलं,
"जाळी नवी बसवलीस का?"

मी पिशवी पुन्हा खांद्याला लावली.