पातळ

डाव्या दंडावर आज पाच बोटं उमटलीत.
चार पुढे, एक मागे.
काल वर्तकनगर नाक्यावर रिक्षा अंगावर आली
आणि यांनी मला मागे ओढलं, एवढंच.

गोळी संध्याकाळी सातची.
सोमवारी, गुरुवारी अख्खी, बाकी दिवस अर्धी.
रक्त पातळ राहिलं की गुठळी धरत नाही,
असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
माझ्या आईकडे दोनच पातळं होती,
एक अंगावर, एक दोरीवर.
पातळ म्हटलं की मला अजून तीच दिसतात,
वारा आरपार जाणारी.

विळी माळ्यावर गेली.
काचेच्या बांगड्या केतकीने उतरवल्या,
प्लास्टिकच्या आणल्या. त्या वाजत नाहीत.
मी घरात कुठे आहे
हे यांना आता हाक मारून विचारावं लागतं.

सकाळी चूळ भरली की बेसिनमध्ये गुलाबी फेस.
मागे एकदा आकडा साडेचारावर गेला,
नाकातून धार लागली ती बातम्या संपेपर्यंत.
हे माझं नाक चिमटीत धरून बसले,
मिनिटं मोठ्याने मोजत,
कारखान्यात प्रेसचे ठोके मोजायचे तशी.

लॅबमधला निनाद सुई काढून म्हणतो,
काकू, दाबून धरा, गप्पा मारा पाच मिनिटं.
तरी कोपराच्या खळीत जांभूळ फुटतंच.
चौथ्या दिवशी हिरवट कड,
आठव्या दिवशी हळद.

गेल्या महिन्यात भाजीच्या पिशवीचा बंद रुतला होता.
लिफ्टमध्ये पिल्लईबाईंनी माझा हात बघितला.
मग यांच्याकडे बघितलं.
मग मजल्यांच्या आकड्यांकडे.
दुसऱ्या दिवशी अवियल घेऊन आल्या,
हे खाली गेलेत याची खात्री करून,
आणि हळूच म्हणाल्या,
काही असलं तर सांगा हं. माझी भाची वकील आहे.

मी हसले. गोळ्यांची डबी दाखवली.
त्या मान हलवत राहिल्या,
बायका बायकांचं खोटं ऐकून घेताना हलवतात तशी.

खरं म्हणजे, पिल्लईबाई,
तुम्ही चाळीस वर्षं उशिरा आलात.

किसननगरची खोली, दहा बाय बारा.
सोळा नंबर रोडवर कारखान्याला टाळं.
सात महिने यांच्या हातांना काम नव्हतं.
मग हातांनी काम शोधलं.
तेव्हा माझं रक्त दाट होतं,
काही उमटायचं नाही.
नळावर इंदूआक्का माझ्या तोंडाकडे बघायची,
दिसत नाही म्हणून विचारायची नाही.
मीही म्हणायचे, दिसत नाही ना,
मग झालंच नाही.

एका मार्च महिन्यात ते थांबलं.
का, ते यांनी सांगितलं नाही.
मी विचारलं नाही.

पिल्लईबाईंची नजर यांना कळली होती.
तेव्हापासून रस्त्यात माझा हात धरणं सोडलं.
उपवनच्या तळ्याला फेरी मारताना
दोन पावलं मागे,
हात पाठीशी बांधून,
वर्गाबाहेर उभं केलेल्या पोरासारखे.
एकदा चप्पल काढता काढता म्हणाले,
"लोकांना वाटतं, मी..."
आणि उरलेलं वाक्य माझ्यावर सोडलं.
मी ते पूर्ण केलं नाही.
"जाऊ दे" असंही म्हटलं नाही.
आवरत होते भांडी, आवरत राहिले.

काल मात्र रिक्षा आली आणि हे विसरले.

सकाळपासून चष्मा लावून माझा दंड बघतायत.
मघाशी त्या पाच डागांवर
आपली पाच बोटं ठेवून पाहिली.
बरोबर बसली.
मी म्हटलं, दाबू नका. नुसती असू द्या.
यांचा तळवा गार होता
आणि घड्याळ कोणीच मोजत नव्हतं.

अवियलचा डबा अजून आमच्याकडेच आहे.
रिकामा कसा द्यायचा, म्हणून लाडू भरलेत.
बाही दुमडून घेते,
आज लिफ्टने नाही जात.
बोटं कुठल्या सालची सांगायची
ते जिन्यात ठरवीन.