रकाना चौदावा

तेवीस चर्च, सहा आठवडे,
एक उसनी सायकल, मागे दोरीने बांधलेले फॉर्म.
म्झुझूच्या ऑफिसने बजावून पाठवलं होतं:
आकडे आण. आकड्यांवरून ठरेल
सुवार्तिक कुठे पाठवायचा, कुठे नाही.

सतरावं चर्च न्खाटा बेच्या दक्षिणेला,
तळ्यापासून हाकेच्या अंतरावर.
अंगणात उसिपा मासळी वाळत घातलेली,
कावळे हाकायला एक पोरगं.
पाळक महिन्यातून एकदा येतात.
चावी न्याचिर्वाकडे.

रविवारी किती येतात?
कुठल्या रविवारी, तिने विचारलं.
मासळी लागली की अकरा.
म्वेरा वारा सुटला, होड्या काठावर ओढल्या,
की बाकं पुरत नाहीत.
मी लिहिलं: सरासरी चाळीस.
ती कागदात डोकावली.
चाळीस तर कधीच नव्हते, म्हणाली.

तिशीच्या आतले? जोबर्गला.
पाच वर्षांतले बाप्तिस्मे?
तिने भिंतीवरच्या कोळशाच्या रेघा दाखवल्या,
खालच्या ओलीने पुसलेल्या.
पुसलेल्यासुद्धा धर.

प्रश्न चौदावा: आपण विश्वासात कशा आलात?
प्रवचन. रेडिओ. कुटुंब. पत्रक.
'इतर' छापायचं राहून गेलं होतं.

माझं दुसरं बाळ गेलं, ती म्हणाली,
त्या वर्षी माझ्याशी कुणी बोलेना.
नवऱ्याच्या घरचे म्हणत, हिचीच नजर.
लुसुंगूची आई तेवढी यायची,
उन्हं कलली की,
माझ्या टोपलीतला कसावा सोलत बसायची.
येशूचं नाव काढलं नाही तिने.
चार महिन्यांनी मीच विचारलं,
तू रविवारी जातेस तरी कुठे?

पेन्सिल उचलली, खाली ठेवली.
कुटुंब म्हणावं, तर नातं नव्हतं.
प्रवचन म्हणावं, तर ती बाई गप्प.
शेवटी समासात, बारीक अक्षरात लिहिलं:
कसावा सोलला.

फॉर्म परत आला. लाल शाईत:
चौदा अस्पष्ट. पुन्हा भेट द्यावी.
बाकीच्या बावीस फॉर्मांवर काहीच शेरा नव्हता,
त्यांचा आता तक्ता झाला होता, रंगीत,
आणि सतराव्या गावाच्या जागी टिंब.

पुन्हा गेलो. चढावर साखळी निसटली,
पोचेतो दुपार टळलेली.
न्याचिर्वा दारात, पुढ्यात टोपली.
फॉर्म पिशवीतच राहू दिला.
दुसरी सुरी आहे का, विचारलं.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
मग ती म्हणाली,
साल फार जाड काढतोस.