'असंल'चा तास

परभणी. दुपारचे तीन. पंखा
अर्ध्या मनानं फिरतोय.
फळ्यावर मी लिहिलं : मे, माइट, सीम्स.
शोधनिबंधात छातीठोक बोलायचं नसतं, म्हटलं,
दाराशी चप्पल काढून
वाक्यात शिरायचं.

जिंतूरची शिवकन्या घुगे हसली.
"म्हंजे आमचा चुलता म्हणतो तसं, मॅडम?
आभाळाकडं बघून :
असंल बी, नसंल बी."

मागच्या बाकावरून कुंदूजचा नूरआगा :
व्हॉट शी सेड?
मग तीच सांगू लागली त्याला,
निम्मं हातांनी, निम्मं इंग्रजीत :
माय अंकल लुक स्काय. ही नॉट शुअर.
तो म्हणाला, माय फादर सेम.
बट ही लुक रिव्हर.

'लुक'ला एस लागतो.
खडू माझ्याच हातात होता.
मी फळ्याच्या कोपऱ्यातली तारीख
उगाच नीट केली.

आठवड्यानं तिचा निबंध आला,
तुरीच्या मर रोगावरचा.
शेवटच्या परिच्छेदात 'प्रूव्ह्ज' खोडून
'मे सजेस्ट' केलेलं,
आणि समासात पेन्सिलीनं, बारीक :
असंल.

लाल पेन तिथवर गेलं,
टोपण लावून परत आलं.