अठरा ओळी

फेब्रुवारीत ग्युमरीला नळ गोठतात,
तेव्हा घरात बसून मी अठरा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला.
पहिल्या तीन उसन्या, कॉलेजच्या वहीतून.
चौथीत माझी किल्ली,
बत्तीस अक्षरांची, कुणाला न सांगायची.
उरलेल्या ओळींचं काम एवढंच :
दाराशी जायचं, नाव सांगायचं,
मिळेल ते पदरात घेऊन परत यायचं.

दार बुद्धिबळाच्या सर्व्हरचं.
नाव बाबांचं. बॉयलर_६१.

बाबा इस्पितळाच्या तळघरात रात्रपाळीला असतात.
वाफेचा काटा लाल रेघेच्या आत ठेवणं ही नोकरी.
घरी मिठाएवढंच बोलतात.
म्हटलं, आकडे तरी बोलतील.

दोनशे, म्हणाला सर्व्हर. म्हणजे ऐकलं, ठीक आहे.
आणि महिरपी कंसांत बाबा आले :
डाव दोन हजार चारशे सहा.
जिंकले अकराशे नव्वद.
हरले सहाशे पाच.
बरोबरी सहाशे अकरा.

चहा ओतता ओतता हात थांबला.
बाबा आणि बरोबरी?
मी सहा वर्षांची असताना, रडून लाल झाले तरी
मारलेला वजीर परत न देणारा माणूस.

मग ओळी वाढवल्या. अठराच्या एकतीस झाल्या,
फाइलचं नाव तेच राहिलं.
विचारलं, ही बरोबरी कुणाशी?

सहाशे अकराच्या सहाशे अकरा एकाच नावाशी.
जर्दाळू_४.
देश रिकामा. फोटो रिकामा.
वेळ पहाटेचे चार, पाचदहा मिनिटं इकडेतिकडे.
डाव विसाव्या खेळीच्या आतच मिटलेले,
पटावर सोंगट्या भरपूर,
एकाचा हत्ती दुसऱ्याच्या दारात उभा,
आणि कुणीतरी म्हणतं, राहू दे आता.
दुसरं म्हणतं, बरं.

वीस महिने. रोज एक.
फक्त ऑक्टोबरातल्या नऊ रात्री कोऱ्या,
दोन्ही नावांच्या.

ते नऊ दिवस मला पाठ आहेत.
आई मार्सेयहून आली होती, सात वर्षांनी,
हेर्मिनेमावशीकडे उतरली होती.
माझे केस हातात धरून, वजन करावं तसे, पाहिले तिने.
म्हणाली, त्यांना सांगू नकोस मी आलेय म्हणून.
मी नाही सांगितलं.
तिकडे ती एका म्हातारीच्या उशाशी रात्र काढते, पगारावर.
इथे चार वाजतात तेव्हा तिथे एक, उन्हाळ्यात दोन.
म्हातारीला झोप लागली असेल. खोलीत फोनचा उजेड.
आईला घोडा कसा चालतो तेही येत नाही,
असं आम्ही सगळे समजून होतो.

मी पुन्हा विचारलं. पुन्हा विचारलं.
त्या नऊ रात्री कोण कुठे होतं?
कुणी कुणाचा दरवाजा वाजवला?
याला सर्व्हरकडे रकानाच नाही,
तरी मी तीच दोन नावं घेऊन धडकत राहिले,
शेवटी तो म्हणाला, चारशे एकोणतीस.
फार विचारतेस. थोडं थांब.

याहून सभ्य भाषेत मला कुणी गप्प केलं नव्हतं.

सातला बाबा आले. बुटांना बर्फ, बोटांना काजळी.
लवाशमध्ये चीज गुंडाळत माझ्या मागे उभे राहिले.
त्यांना कंस दिसले असतील,
नाव दिसलं असेल, नसेल,
बाबांच्या चेहऱ्यावरून पटावरचं कधीच कळत नाही.
"काय म्हणतंय तुझं यंत्र, शोघिक?"

मी किल्लीची ओळ पुसत होते.
"काही नाही," म्हटलं, "बरोबर चाललंय."

त्यांनी एक घास चावला, सावकाश.
मग झोपायला गेले,
फोन चार्जिंगला लावून,
पालथा.