तिसरा रकाना

स्किप्टनला कालव्याकाठच्या पबात, वरच्या खोलीत,
गुरुवारी सात वाजता, माणशी बारा पौंड:
पाच चीज, पाच बिअर, एक पेन्सिल
आणि तीन रकान्यांचा कागद.

ईनिड थ्वेट तारेनं चीज कापते
साबणाची वडी कापावी तशी,
आणि सांगत जाते कुणाची सोयरीक कुणाशी.
बकरीच्या दुधाचं कोवळं चीज
गव्हाच्या बिअरच्या घरात द्यावं,
दोघं आंबूस, सांभाळून घेतील.
दीड वर्षाच्या चेडरला कडवट पेल एल.
निळ्या शिरांच्या स्टिल्टनला काळीकुट्ट स्टाउट.
(मंगळाला मंगळ, मी मनात म्हटलं.)

तिसऱ्या रकान्यात चव लिहायची.
शेजारी मॉरिस, वय ऐंशीच्या पुढे,
लिहितो: छान. छान. फारच छान.
माझ्याकडे शब्द ढीगभर,
तुरट, खवट, कुबट, खमंग,
इथे एकही वटत नाही.
चेडरपुढे मी मराठीतच लिहिलं: बेरी.
म्हणजे काय, मॉरिसनं विचारलं.
लोणी कढवल्यावर तळाशी उरतं ते,
तपकिरी, खरवडून खायचं.
त्यानं पुन्हा एक तुकडा घेतला, डोळे मिटले,
आणि खरंच शोधत राहिला.

शेवटचं चीज नारिंगी सालीचं, मिठाच्या पाण्यानं धुतलेलं.
ओल्या मोज्यांचा वास. कुणीतरी खिडकी उघडली.
ईनिड म्हणाली, घाबरू नका, बुडबुडे आहेत.
त्यांचं काम एवढंच,
जिभेवरचा लोण्याचा थर धुऊन नेणं,
म्हणजे दुसरा घास पुन्हा पहिला होतो.

आमचे छत्तीसपैकी एकतीस जुळले होते.
गुरुजींनी दोनदा मोजले.
नऊ वर्षं घासावर घास,
भांडण नाही, काही नाही.
जीभ मेणचटत गेली.

उरलेला नारिंगी तुकडा कुणी नेईना, मी घेतला.
कीथलीच्या शेवटच्या बसमध्ये
पुढच्या बाकावरची दोन पोरं
एकमेकांच्या बुटांकडे बघत उठून गेली.

घरी कागद उलगडला तर
माझ्या 'बेरी'खाली थरथरत्या अक्षरात:
हे कुठल्या दुकानात मिळतं?

दुकानात नाही मिळत, मॉरिस.
रात्री साडेदहाला बिनमिठाच्या लोण्याची
दोन पाकिटं कढईत टाकली,
आच बारीक केली, उभी राहिले.
चमचाभरच निघाली.